एक जवान, दोन हजेरीपट

कॅटरिना वादळ २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलं, त्या दिवशी लुइझियाना राज्याच्या नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेचे, सुमारे ३,००० जवान इराकमध्ये होते. शेजारच्या मिसिसिपीची एक अख्खी ब्रिगेडही तिकडेच. न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले, शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला आणि लुइझियाना गार्डचं मुख्यालय असलेलं जॅक्सन बॅरक्सही त्याच पाण्यात बुडालं. मुख्यालयातल्या लोकांना बस्तान उचलून सुपरडोम स्टेडियममध्ये मांडावं लागलं. पूर आला की धावून जायचं, यासाठी राज्याने जी माणसं राखून ठेवली होती, त्यातली बरीच सातासमुद्रापार होती आणि उरलेली स्वतःच पुरात सापडली होती.

यात कुणा एकाचा हलगर्जीपणा शोधायला गेलं तर तो सापडेलही. पण मूळ अडचण व्यवस्थेच्या रचनेतच आहे. नॅशनल गार्डचा प्रत्येक जवान दोन हजेरीपटांवर असतो, आणि खरं तर तिसऱ्यावरही. ते कसं, हे नीट बघितलं तर राखीव फौजेच्या भरवशावर आपत्ती निवारण उभं करणं कशामुळे स्वस्त पडतं आणि कुठे दगा देतं, ते दोन्ही कळतं.

आधी गार्ड म्हणजे काय ते पाहू. १६३६ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीत गावकऱ्यांच्या ज्या शस्त्रधारी तुकड्या उभ्या राहिल्या, तिथपर्यंत गार्ड आपला इतिहास नेतो. आज ५० राज्यं, राजधानी वॉशिंग्टन, प्वेर्तो रिको, ग्वाम आणि व्हर्जिन बेटं अशा ५४ ठिकाणी स्वतंत्र गार्ड आहेत. भूदल आणि हवाई दल मिळून साधारण सव्वाचार लाख माणसं. यातले थोडेच पूर्णवेळ पगारी आहेत. बाकीचे महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे सराव करतात. उरलेला काळ ते ट्रक चालवतात, शाळेत शिकवतात, रुग्णालयात परिचारिका असतात, गावच्या अग्निशमन दलात असतात. भरती होताना जवान देशाच्या राज्यघटनेची आणि आपल्या राज्याच्या घटनेची, अशी दोन्हींची शपथ घेतो. त्याला गव्हर्नर बोलवू शकतो आणि राष्ट्राध्यक्षही.

आपल्याकडे हे चित्र पटकन डोळ्यांसमोर येत नाही, कारण भारतात राज्याची स्वतःची फौज नसते. लष्कर केंद्राचं, पोलीस राज्याचे, असा सरळ हिशेब. मुख्यमंत्र्यांच्या हुकमात रणगाडे आणि हेलिकॉप्टरं आहेत अशी कल्पना करा, म्हणजे गव्हर्नर आणि गार्ड यांचं नातं लक्षात येईल.

गार्डखेरीज अमेरिकेत आणखी एक राखीव फौज आहे: आर्मी रिझर्व्ह. तीही अर्धवेळच, पण निव्वळ केंद्राची. गंमत अशी, की पुरात ज्यांची खरी गरज पडते अशा वाहतूक, वैद्यकीय, पाणी शुद्ध करणाऱ्या, पाणी उपसणाऱ्या तुकड्या या रिझर्व्हमध्ये भरपूर आहेत. तरी कित्येक वर्षं देशातल्या वादळ-पुरासाठी त्यांना सक्तीने कामावर बोलावण्याचा मार्ग कायद्यात जवळजवळ नव्हताच. गावात पाणी तुंबलेलं, पंप शेजारच्या तळावर, आणि दोघांच्या मध्ये कायदा. २०११ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने हे बदललं. आता गव्हर्नरने केंद्राकडे मदत मागितली तर रिझर्व्हच्या तुकड्या १२० दिवसांपर्यंत बोलावता येतात. २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्क-न्यू जर्सीची दैना केली तेव्हा पाणी उपसण्यासाठी ही सोय पहिल्यांदा वापरली गेली. न्यू जर्सीत मराठी घरं कमी नाहीत. सँडीच्या वेळी दिवसेंदिवस वीज नसणं आणि पेट्रोलसाठीच्या रांगा तिथल्या अनेकांना आठवत असतील.

आता मुख्य गुंता. गार्डचा जवान पुरात वाळूची पोती रचतोय. तो कुणाच्या हुकमाखाली आहे आणि त्याचा पगार कोण देतंय? याची तीन उत्तरं होऊ शकतात, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला तिन्हींत काडीचा फरक दिसत नाही.

एक, राज्याची सेवा: हुकूम गव्हर्नरचा, पैसा राज्याचा. दुसरी पद्धत ‘टायटल ३२’ नावाने ओळखली जाते. तिच्यात हुकूम गव्हर्नरचाच राहतो, पण पैसा केंद्र देतं. तिसरी ‘टायटल १०’: हुकूम राष्ट्राध्यक्षांचा, पैसाही केंद्राचा. गव्हर्नर मंडळींना अर्थातच दुसरी पद्धत सर्वांत लाडकी. हुकूम आपला आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, हे कुणाला आवडणार नाही?

हुकूम कुणाचा या प्रश्नाला आणखी एक धार आहे. १८७८ चा एक कायदा केंद्रीय लष्कराला देशांतर्गत पोलिसी काम करायला सर्वसाधारणपणे मनाई करतो. गव्हर्नरच्या हुकमाखालचा गार्ड या मनाईत येत नाही. म्हणजे पूरग्रस्त गावात दुकानं लुटणाऱ्याला गार्डचा जवान राज्याच्या नियमांनुसार अडवू शकतो. तोच जवान, त्याच गणवेशात, राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाखाली गेला की त्याचे हात बांधले जातात. अपवाद आहेत, बंडाळीसंबंधीचा १८०७ चा कायदा हा त्यातला मोठा. पण तो वापरणं म्हणजे राजकीय वादळाला आमंत्रण.

आणि जवानाच्या बाजूने बघितलं तर या तीन पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राज्याच्या सेवेतला दिवस केंद्राच्या निवृत्तिवेतनात धरला जात नाही. दुखापत झाली तर भरपाई राज्याच्या नियमांप्रमाणे. केंद्राच्या पैशावरचा दिवस मात्र निवृत्तीच्या आणि इतर लाभांत मोजला जाऊ शकतो. ‘शकतो’ म्हणायचं कारण २०२० मधला एक प्रकार. कोविडसाठी हजारो गार्ड जवान केंद्राच्या खर्चाने कामावर होते: चाचणी केंद्रं, अन्नवाटप, वृद्धाश्रमांचं निर्जंतुकीकरण. ९० दिवस भरले की निवृत्तीचं वय तीन महिन्यांनी अलीकडे येतं आणि शिक्षणाच्या सवलतींचा पहिला टप्पा मिळतो. केंद्राच्या आदेशात सेवेची शेवटची तारीख होती २४ जून. लवकर रुजू झालेल्यांचे त्या दिवशी ८९ दिवस भरत होते. बातमी फुटली, ओरड झाली आणि मुदत ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. सरकारी कारकुनी जगात सगळीकडे एकाच मातीची असते, असं आपल्याकडच्या कुठल्याही कंत्राटी कर्मचाऱ्याला हे वाचून वाटेल.

नोकरीचंही तसंच. लष्करी सेवेसाठी गेलेल्या माणसाची नोकरी परत आल्यावर त्याला मिळालीच पाहिजे, असा अमेरिकेत १९९४ चा कायदा आहे. पण राज्याच्या सेवेवर, म्हणजे नेमकं पूर-वणव्याच्या कामावर, गेलेल्याला हे केंद्रीय संरक्षण नव्हतं. त्याने आपल्या राज्याच्या कायद्यावर विसंबायचं, आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. २०२१ च्या जानेवारीत झालेल्या दुरुस्तीने राज्याच्या सेवेलाही हे कवच मिळालं, तेही काही अटींसह. कायदा असला तरी चार नोकर असलेल्या गॅरेजमालकाचा एक माणूस महिनाभर गेला, तर त्याची पंचाईत व्हायची ती होतेच.

इथे तिसरा हजेरीपट येतो. राखीव फौजेत कोण भरती होतं? ज्यांना अशा कामाची आवड असते ते. म्हणजे पोलीस, अग्निशामक, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, परिचारिका यांचं प्रमाण गार्डमध्ये लक्षणीय आहे. वादळ आलं की गव्हर्नर गार्डला बोलावणार, आणि त्याच क्षणी गावचा अग्निशमन प्रमुखही आपल्या माणसांना बोलावणार. माणूस तोच. कोविडमध्ये हे उघडं पडलं. गार्डकडे डॉक्टर-परिचारिका आहेत, त्यांना रुग्णालयांत पाठवा, अशी मागणी सुरू झाली. पण त्यातले बरेचजण आधीच आपापल्या रुग्णालयात रात्रंदिवस राबत होते. त्यांना गणवेश चढवून दुसऱ्या गावी पाठवायचं म्हणजे एका वॉर्डातला माणूस काढून दुसऱ्यात ठेवायचा. गार्डच्या अधिकाऱ्यांना प्रत्येक नावामागे ‘हा सध्या कुठे कामाला आहे’ हे तपासून मगच आदेश काढावे लागले.

म्हणून कागदावरचा आकडा आणि हाती येणारी माणसं यांत नेहमी तफावत असते. नवे रंगरूट प्रशिक्षणात असतात, काही तुकड्या परदेशी असतात, काही परदेशी जायच्या तयारीत असतात, काही नुकत्याच परतलेल्या असतात आणि त्यांना लगेच पुन्हा उचलणं बरं दिसत नाही. काही वैद्यकीयदृष्ट्या अपात्र. काहींचं स्वतःचं घर पाण्यात. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळाने प्वेर्तो रिको बेटाची वीज आणि संपर्कव्यवस्था आडवी केली, तेव्हा तिथल्या गार्डचे जवान स्वतःच आपद्ग्रस्त होते. बायकामुलांना छपराखाली पोहोचवल्याशिवाय त्यांनी कामावर यावं, अशी अपेक्षा तरी कोण करणार?

माणसांबरोबर सामानाचंही तेच. इराक युद्धात गार्डच्या तुकड्या आपली वाहनं, जनरेटर, संपर्क यंत्रणा घेऊन गेल्या आणि परत येताना त्यातलं पुष्कळ पुढच्या तुकडीसाठी तिथेच ठेवून आल्या. मे २००७ मध्ये कॅन्ससमधलं ग्रीन्सबर्ग हे छोटं शहर टॉर्नेडोने जवळजवळ पुसून टाकलं. राडारोडा उपसायला लागणारी गार्डची यंत्रसामग्री युद्धावर आहे, अशी तक्रार तेव्हाच्या गव्हर्नर कॅथलीन सिबेलियस यांनी जाहीरपणे केली. वॉशिंग्टनहून लगेच खुलासे आले. राजकारणाचा भाग सोडून दिला, तरी एक ट्रक एका वेळी एकाच ठिकाणी उभा राहू शकतो, हे काही खोडता येत नाही.

यावर अमेरिकेने शोधलेला एक तोडगा मला त्यांच्या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने फ्लोरिडाची वाताहत केल्यावर दक्षिणेकडच्या राज्यांनी आपसांत ठरवलं, की एकावर संकट आलं तर दुसऱ्याने माणसं-सामान पाठवायचं आणि खर्चाचा हिशेब नंतर करायचा. १९९६ मध्ये संसदेने या कराराला मान्यता दिली आणि हळूहळू सगळी राज्यं त्यात आली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. एक-एक बैल असलेले दोघं वारंगुळा करतात, तशातलंच हे. कॅटरिनात लुइझियाना-मिसिसिपीची घरची फौज अपुरी पडली, तेव्हा याच मार्गाने देशभरातल्या राज्यांतून गार्ड आले आणि आकडा ५०,००० च्या घरात गेला.

पण वारंगुळ्याची मेख शेतकऱ्याला ठाऊक असते: दोन्ही शेतांना वाफसा एकाच दिवशी आला की करार कागदावर राहतो. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टनवर पाणी ओतलं, तेव्हा टेक्सासच्या गव्हर्नरने राज्याचा अख्खा गार्ड, म्हणजे जवळपास १२,००० जवान, कामाला लावला. पंधरा दिवस उलटले नाहीत तोच फ्लोरिडावर इर्मा आलं आणि त्यापाठोपाठ प्वेर्तो रिकोवर मारिया. कोविड तर सगळ्या राज्यांत एकदमच. तिथे कोण कुणाला माणसं देणार?

बाहेरून माणसं आली की पुढचा प्रश्न, त्यांचा साहेब कोण? कॅटरिनात गव्हर्नरच्या हुकमाखाली गार्ड होता आणि लेफ्टनंट जनरल रसेल ऑनोरे यांच्या हाताखाली केंद्राचं लष्कर होतं, हजारोंच्या संख्येने. दोन फौजा, एक शहर, दोन वेगळ्या साखळ्या. राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या बाजूने प्रस्ताव आला, की दोन्हींवर मिळून एकच अधिकारी नेमू. गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी नकार दिला. त्यांना वाटलं, गार्ड हातचा जाईल, आणि पोलिसी कामाचं काय? दिवस आणीबाणीचे, आणि चर्चा अधिकाराची.

त्यानंतर २००६ मध्ये संसदेने कायद्यात घुसवलेल्या एका कलमाने, आपत्तीत गव्हर्नरच्या संमतीशिवाय गार्ड ताब्यात घेणं राष्ट्राध्यक्षांना सोपं केलं. गव्हर्नर पक्षभेद विसरून त्याविरुद्ध एकत्र आले. २००८ च्या सुरुवातीला ते कलम रद्द झालं. मग जी वाट निघाली ती तडजोडीची होती: एकाच अधिकाऱ्याला दोन नेमणुका द्यायच्या. तो राज्याच्या तुकड्यांना गव्हर्नरच्या वतीने हुकूम देणार आणि केंद्राच्या तुकड्यांना राष्ट्राध्यक्षांच्या वतीने. फौजा कागदावर वेगळ्याच राहतात, फक्त वरचा माणूस एक. ही सोय २००४ पासून मोठ्या परिषदांसाठी वापरली जात होती. २०११ च्या त्याच कायद्याने ती आपत्तीतली नेहमीची पद्धत ठरवली आणि सँडीत ती राबवली गेली. जवानाच्या दोन हजेरीपटांवर उपाय म्हणून साहेबालाही दोन हजेरीपटांवर घातलं. थोडं हास्यास्पद वाटतं, पण चालतं.

चालतं, दोघांचं पटत असेल तोवर. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या निदर्शनांच्या वेळी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांचा विरोध डावलून कॅलिफोर्नियाच्या गार्डचे सुमारे ४,००० जवान आपल्या हुकमाखाली घेतले. त्यावरून न्यायालयीन लढाई झाली, ती सगळ्यांनी वाचली. कमी वाचली गेलेली गोष्ट अशी, की कॅलिफोर्नियाच्या गार्डमध्ये ‘रॅटलस्नेक’ नावाचं एक पथक वर्षभर जंगलात आगीविरुद्ध काम करतं: झुडपं तोडणं, वणवा रोखणाऱ्या पट्ट्या काढणं, वणवा लागला की तो विझवायला जाणं. त्यातलीही माणसं शहरात बंदोबस्ताला गेली, आणि तेही वणव्यांचा हंगाम तोंडावर असताना. काही आठवड्यांनी त्यातल्या सुमारे १५० जणांना परत आगीच्या कामावर सोडण्यात आलं.

भारताने वेगळा रस्ता धरला, आणि तोही सरळ नव्हता. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, २००६ मध्ये आठ बटालियन घेऊन उभं राहिलं. माणसं बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी या केंद्रीय निमलष्करी दलांकडून प्रतिनियुक्तीवर घेतलेली. सुरुवातीला या बटालियनना नेहमीच्या कायदा-सुव्यवस्थेच्या कामालाही जुंपलं जायचं, म्हणजे इथेही दोन हजेरीपट. २००८ मध्ये नियम झाले आणि हे दल फक्त आपत्तीसाठी राखलं गेलं. आज १६ बटालियन आहेत. पुण्याजवळ सुदुंबरे इथे पाचवी. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरात केशरी जॅकेट घालून बोटी चालवणारे हेच. लष्कर आणि नौदलही आलं, पण ते नागरी प्रशासनाने मागणी केल्यावर.

वर्षातले कित्येक दिवस पूर नसताना या माणसांना पगार द्यावा लागतो. अमेरिकी हिशेबनिसाच्या नजरेला ही उधळपट्टी वाटेल. मला ती वाटत नाही. पाणी चढत असताना ‘हा माणूस आज आणखी कुणाचा आहे’ हे शोधत बसावं लागत नाही, त्याची ती किंमत आहे.

राखीव फौज आपल्याकडेही आहे. प्रादेशिक सेना १९४९ पासून आहे. नोकरी-धंदा सांभाळून वर्षातले काही आठवडे सराव करणारी माणसं. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. मे २०२५ मधल्या पाकिस्तानशी झालेल्या संघर्षात केंद्राने तिच्या ३२ पैकी १४ पायदळ बटालियन सेवेत घ्यायला लष्करप्रमुखांना मुभा दिली. युद्धाचा पट आधी वाचला जातो, हे इथेही तसंच.

पण आपली दुहेरी मोजणी मुख्यतः याहून खालच्या पायरीवर चालते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या धुळे आणि नागपूर इथल्या तुकड्यांची माणसं राज्य राखीव पोलीस दलातून येतात. त्याखाली होमगार्ड, ज्यांची सुरुवातच डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात झाली. दिवसाच्या भत्त्यावर येणारी, एरवी रिक्षा चालवणारी, शेती करणारी माणसं. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात त्यांची संख्या लिहिलेली असते. तीच माणसं निवडणुकीच्या बंदोबस्ताच्या यादीत, आषाढी वारीच्या यादीत आणि गणपती विसर्जनाच्या यादीतही असतात. आणि कृष्णा-पंचगंगेला पूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, सणांच्या ऐन तोंडावर. विसर्जनाच्या दिवशी धरणाचे दरवाजे उघडले, तर नदीकाठच्या त्याच होमगार्डने घाटावर दोरी धरायची की खालच्या वस्तीतली घरं रिकामी करायची, याचं उत्तर दोन्ही यादींत नाही. ते त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या ठाणेदाराला द्यावं लागतं.